परत न आलेल्यांची वही

ताई, नमस्कार.

आमचं गाव वेंगुर्ल्यापासून तासाभरावर. घरात तीन पिढ्या कामिणीचं (काविळीचं) औषध दिलं जातं. पणजोबांनी सुरू केलं, मग आजीने, आता काका देतात. बुधवार आणि रविवार, सकाळी अनशापोटी, पाल्याचा रस ताकातून, असं तीन वेळा. वर पथ्य. पैसे घ्यायचे नाहीत, देवापुढे नारळ ठेवला तर ठेवू द्यायचा, हा आजीचा दंडक. पाऊस लागला की गोव्याहूनसुद्धा माणसं येतात.

मी बी. फार्म. झालोय, वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. या औषधावर संशोधन व्हावं, ते एकदाचं सिद्ध व्हावं, असं मला फार वाटतं. काका म्हणतात, "कोणाक सांगितलंस तर औषदाचो गुण जाता." मध्यंतरी पनवेलकडचा एक माणूस येऊन गेला. त्याला पाल्याचं नाव हवंय, बाटल्या भरून विकायच्यात, रक्कम चांगली देतोय. आणि एक गोष्ट मनातून जात नाही. पंधरा दिवसांपूर्वी कुडाळकडची एक बाई आली होती, सातवा लागलेला. काकांनी पहिल्या वेळचं औषध दिलं. ती परत आली नाही. काका म्हणाले, "बरी झाली असतली." मला तसं वाटेना.

संशोधन करावं का, कसं करावं? आणि औषध फोल ठरलं तर घराण्याच्या नावाचं काय?

– वेंगुर्ल्याकडचा एक वाचक

*

वयाने तू माझ्या भाच्याएवढा, म्हणून अरे-तुरे करते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी तुला दोन ओळी कळवल्या होत्या. त्या इथेही लिहिते, कारण असं औषध देणारी घरं कोकणात पुष्कळ आहेत. आधी त्या बाईंना शोध. बाकी सगळं नंतर.

कामीण, म्हणजे कावीळ, हा एक आजार नाही. डोळे पिवळे होणं हे नुसतं लक्षण, त्यामागे दहा कारणं असतात. पावसाळ्यात आपल्याकडे दिसते ती बहुतेक वेळा दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची. धडधाकट माणसाला दोन्ही काही आठवडे लोळवतात आणि सोडून देतात. गरोदर बाईचं तसं नाही. शेवटच्या तीन महिन्यांत ई झाला, तर शंभरातल्या २० ते २५ जणी दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यकृत पाहता पाहता काम सोडतं, रक्त गोठेनासं होतं, माणूस बरळायला लागतं. अशा बाईची जागा मोठ्या रुग्णालयात आहे, पहिल्या दिवसापासून. तुमच्याकडून ओरोसचं जिल्हा रुग्णालय काही लांब नाही.

हे मी पुस्तकातलं म्हणून सांगत नाही. माझी मामेबहीण राजापूरकडे दिली होती. आठव्या महिन्यात तिला कावीळ झाली. गावात औषध देणारे एक आजोबा होते, अतिशय सज्जन, तुझ्या आजीसारखेच पैशाला न शिवणारे. दोन वेळचा रस झाला. पंधरा दिवस ती नुसत्या उकड्या तांदळाच्या पेजेवर होती. तिसऱ्या वेळेसाठी जायचं, त्याच्या आदल्या रात्री ती असंबद्ध बोलायला लागली. रत्नागिरीला पोचेपर्यंत शुद्ध गेली होती. ती गेली, मूलही गेलं.

त्या आजोबांना कुणीच काही सांगितलं नाही. कोण सांगणार? त्यांनी प्रेमाने दिलं होतं, पैसा घेतला नव्हता, आणि मामा अबोल माणूस. पुढे कित्येक वर्षं ते आजोबा आल्यागेल्याला सांगत असत की माझ्या औषधाने एकही माणूस दगावलेला नाही. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी पुढे आयुष्यभर औषधशास्त्र शिकवलं, पण त्या विषयातला सगळ्यात मोठा धडा मला त्या घटनेने दिला. बरा झालेला माणूस नारळ घेऊन येतो. ज्याला गुण आला नाही तो दुसरीकडे जातो, आणि जो गेला त्याच्या घरचे संकोचाने गप्प बसतात. काकांच्या ओसरीवर तीन पिढ्या फक्त नारळ आले आहेत. "बरी झाली असतली" हे त्या ओसरीवरून दिसणारं दृश्य आहे, आणि त्यात काकांचा अप्रामाणिकपणा तिळभर नाही.

आता तुझा मूळ प्रश्न. ए किंवा ई ची साधी कावीळ आपोआप बरी होते. माणूस औषधाला येतो तो डोळे पिवळेजर्द झाल्यावर, म्हणजे आजार बहुधा शिखरावर असताना किंवा तिथून उतरायला लागताना. त्यानंतर रस द्या, गळ्यात माळ घाला, काहीही न देता अंगणात बसवा, तिसऱ्या आठवड्याला डोळे पांढरे व्हायला लागतात. काविळीवर गळ्यात घालतात ती काड्यांची माळ दिवसागणिक वाढत जाते तेही त्यातल्या ओल्या काड्या सुकून बारीक होतात आणि गाठी सैल पडतात म्हणून. तेव्हा हजार माणसं बरी झाली यावरून रसाने काम केलं असं म्हणता येत नाही, आणि केलं नाही असंही म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूला रस न घेतलेली तशीच माणसं असतील तरच काही कळेल. तुलनेवाचून उत्तर नाही.

विंचवाचं उदाहरण घे, ते आपल्याच मातीतलं आहे. विंचू उतरवणारे मांत्रिक गावोगाव होते आणि त्यांच्याकडे गेलेली बहुतेक माणसं बरी व्हायची, कारण पुष्कळ दंशांत नुसती वेदना होते आणि ती ओसरते. पण लाल विंचवाचा दंश काहींच्या हृदयावर जायचा. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा अशा गंभीर रुग्णांपैकी शंभरातले ४० च्या आसपास दगावत. ते रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसले आणि लिहीत गेले: घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी किती, रक्तदाब किती, फुप्फुसात पाणी कधी भरलं. त्या नोंदींतून विष शरीरात काय करतं हे उलगडलं आणि रक्तदाबासाठी वापरतात ते प्राझोसिन त्यांनी दिलं. मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्या घरात आलं. लॅन्सेटसारख्या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने महाडच्या डॉक्टरांच्या नोंदी छापल्या.

मला याहून मोलाचं वाटतं ते त्यांनी पुढे केलं ते. विंचवाच्या विषावर प्रतिविष निघाल्यावर त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी स्वतःच्याच औषधाची परीक्षा घेतली. ३५ रुग्णांना नुसतं प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष, कुणाला काय हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. दहा तासांत पूर्ण सावरले ते पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२. ज्या औषधाने आयुष्यभराचं नाव दिलं ते एकट्याने उणं पडतं, हे त्यांनी २०११ साली स्वतःच्या सहीने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. त्यांचं नाव काही बुडालं नाही. २०२२ साली पद्मश्री मिळाली. घराण्याच्या नावाची तुझी काळजी काकांनी काढली, तर त्यांना हे सांग.

आता काविळीच्या पाल्याकडे येते. तुमचा पाला कुठला ते तू लिहिलं नाहीस आणि मी विचारतही नाही. पण आपल्याकडे या कामाला भुईआवळी सगळ्यात जास्त वापरतात, आणि तिच्या संशोधनाची गोष्ट तू नीट माहीत करून घ्यावीस, कारण तुझ्या वाटेवरचे खड्डे तिच्यात सगळे आहेत.

१९८८ साली मद्रासच्या डॉ. त्यागराजन आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये एक अभ्यास छापला. रुग्ण होते हिपॅटायटिस बी चे वाहक. हे महत्त्वाचं, कारण बी वर्षानुवर्षं रक्तात मुक्काम करतो, ए सारखा महिन्याभरात जात नाही, त्यामुळे तो गेला तर काहीतरी घडलं असं म्हणायला जागा असते. भुईआवळीची पूड ३० दिवस घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं घेतलेल्या २३ जणांत फक्त एकाची. जगभर खळबळ उडाली. बी विषाणूच्या शोधासाठी नोबेल मिळालेले ब्लूमबर्ग स्वतः या वनस्पतीच्या मागे लागले होते. मी तेव्हा शिकवत होते आणि वर्गात तो अंक घेऊन गेले होते. अंगणातलं तण, आणि लॅन्सेट! मुलांच्या डोळ्यांत चमक होती, माझ्याही.

मग थायलंडमध्ये तोच प्रयोग केला, यश आलं नाही. इतरत्रही पहिल्यासारखा आकडा पुन्हा दिसला नाही. २०११ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासकांनी तोवरच्या सगळ्या चाचण्या एकत्र पडताळल्या आणि बी च्या रुग्णांना भुईआवळीचा फायदा होतो असा खात्रीचा पुरावा नाही, असं लिहिलं. का झालं असं? वनस्पती तीच होती का, तिच्या बहिणी-बहिणी दिसायला सारख्या आहेत. कुठल्या मातीतली, कुठल्या महिन्यात काढलेली. की पहिला आकडाच छोट्या गटातला नशिबाचा? मला आजही त्याची रुखरुख आहे. पण एका चाचणीने काही सिद्ध होत नाही, हे मी त्या भुईआवळीकडून शिकले. "एकदाचं सिद्ध व्हावं" असं तू लिहितोस. त्यातलं "एकदाचं" काढून टाक.

आणि झाडपाला आहे म्हणजे अपाय नाही, हेही मनातून काढ. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली सहा रुग्णांची नोंद छापली, गुळवेल घेत असताना यकृताला सूज आलेल्या. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ जणांची माहिती दिली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ही खरी गुळवेल नसावी, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल असावी. वाद राहू दे बाजूला. कुणाचंही खरं धरलं तरी तुझ्यासाठी अर्थ एकच निघतो: काविळीच्या रुग्णाचं यकृत आधीच जखमी असतं, त्यात काय ओततोय त्याचं नाव-गाव पक्कं माहीत हवं.

तर सुरुवात प्रयोगशाळेतून नको, वहीपासून कर. कागदावर नाही ते घडलंच नाही, हे तुमच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात ना? तेच ओसरीवर आण. येणाऱ्या प्रत्येकाचं वय, डोळे पिवळे होऊन किती दिवस झाले, ताप आहे का, दारू, चालू असलेल्या गोळ्या, आणि रक्ताचे अहवाल: बिलिरुबिन (डोळे पिवळे करणारं द्रव्य), एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढतं ते), पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो), ए-बी-सी-ई यांपैकी कुठला विषाणू. अहवाल नसेल तर आधी करून यायला सांगायचं. फोन नंबर घ्यायचा, आणि पंधरा दिवसांनी, मग दीड महिन्याने, तू स्वतः फोन करायचास. जो परत आला नाही त्याला तर नक्कीच. सगळं संशोधन या फोनवर उभं आहे. माणसं सांगतील, "ओरोसला भरती केलं होतं", "गोव्याच्या डॉक्टरच्या गोळ्या घेतल्या", "बाबा गेले". हे सगळं शाईने लिहायचं. नावं मात्र बाहेर जाऊ द्यायची नाहीत.

पाला काढाल त्या दिवशी एक फांदी, फुलाफळासकट असेल तर उत्तमच, कागदात दाबून वाळवून ठेव, तारीख आणि जागा लिहून. कारखान्यात प्रत्येक बॅचचं कंट्रोल सँपल ठेवता तसंच. जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात तिची ओळख पटवून घे. औषध कशाचं आहे हे सांगायची तिथे गरज नाही.

या वहीला एक वर्ष दे. त्यावरून औषध लागू पडतं हे कळणार नाही, पण आलेल्यांना नेमकं काय झालेलं असतं आणि कितींचं बिनसतं ते कळेल. खरी चाचणी त्यापुढची, आणि ती तुम्ही दोघं करू शकत नाही, करूही नये. सावंतवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथल्या एखाद्या वैद्यांना आणि एका यकृताच्या डॉक्टरांना बरोबर घ्यावं लागेल. नीतिमत्ता समितीची परवानगी लागेल. पहिला रुग्ण घेण्याआधी चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडियामध्ये करायची, ती २००७ पासून आहे आणि कुणालाही पाहता येते. तिथे आधीच लिहून द्यायचं की आम्ही काय मोजणार: समज, बिलिरुबिन ठरलेल्या पातळीखाली यायला किती दिवस लागले. नंतर मनासारखा आकडा शोधून काढायचा नाही. एका गटाला विश्रांती, नीट आहार, देखरेख. दुसऱ्याला तेच सगळं आणि वर रस. हिपॅटायटिस ए ला मुळात वेगळं औषधच नाही, त्यामुळे पहिल्या गटावर अन्याय होत नाही. रस कडू असेल तर पहिल्या गटासाठी दुसरं काही तसंच कडू बनवावं लागेल, म्हणजे घेणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला कुठलं कुठलं ते कळणार नाही. आयुर्वेदाला अशी चाचणी मानवत नाही हे मी मानत नाही. पुण्यात डॉ. अरविंद चोप्रांच्या पुढाकाराने गुडघेदुखीच्या ४४० रुग्णांवर शुंठी-गुळवेल असलेली औषधं आधुनिक गोळ्यांच्या बरोबरीने तपासली गेली. निकाल २०१३ साली छापला: वेदनेत ती बरोबरीने उतरली. आणि काही जणांचं एसजीपीटी वाढलं, तेही त्यांनी त्याच लेखात छापलं. मला असं काम फार आवडतं.

तोवर काकांनी औषध द्यावं का? कायद्याने उपचाराचा अधिकार नोंदणी झालेल्या वैद्यालाच आहे, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण उद्यापासून ओसरी बंद कर असं सांगून काका ऐकणार नाहीत, आणि माणसं दुसऱ्या ओसरीवर जातील. म्हणून काकांकडून एवढं तरी घे की ही माणसं रस न देता परत पाठवायची: गरोदर बाई, लहान मूल, झोपाळलेला किंवा बरळणारा, रक्तस्राव होणारा, सारखी उलटी होणारा. लावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्यांत कळा, लाल डोळे आणि मग पिवळेपणा अशा क्रमाने आलेला माणूस हा साध्या काविळीचा नाही, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूच्या आजाराचा) असू शकतो. त्याला प्रतिजैविक लवकर मिळालं तर तो वाचतो, बुधवारपासून रविवारपर्यंत थांबला तर मूत्रपिंडं जाऊ शकतात. आणि वयस्क माणूस, दुखत काही नाही, अंगाला खाज, शौचाचा रंग पांढुरका, त्याची पित्तनलिका कशाने तरी बंद झालेली असू शकते. त्याला सोनोग्राफी हवी.

काकांशी बोलताना "सिद्ध करू" हा शब्द वापरू नकोस. त्यांना वाटतं तू आजीवर संशय घेतोयस. त्यांचं "गुण जाता" मला समजतं. पाल्याचं नाव फुटलं की कुणीही उपटून बाजारात बसेल, पैसा घेईल, भलताच पाला देईल, ही भीती त्या वाक्यात आहे आणि ती खरी आहे. पनवेलच्या माणसाचंच पाहा ना. त्याला कागदावर सही देऊ नका. पारंपरिक ज्ञानाचं पेटंट आपल्या कायद्यात मिळत नाही, आणि हळदीने जखम भरते याचं अमेरिकेत १९९५ साली दिलेलं पेटंट डॉ. माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने १९९७ साली रद्द करून घेतलं, ते लिहून ठेवलेल्या जुन्या पुराव्यांच्या जोरावर. लिहिलेलं होतं म्हणून वाचलं. तुमच्या ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती आणि गावातल्या वनस्पती व त्यांच्या ज्ञानाची तिची लोक-नोंदवही असायला हवी, तिची चौकशी कर. आणि ज्याला रुग्णाचं काय झालं हे न विचारता बाटल्या भरायच्यात, त्याच्या हातात आजीचं औषध देणं आजीलाच पटलं नसतं, एवढं काकांना म्हण. तिने पैसा का नाकारला असेल, हे त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

वही दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची घे. आडव्या रेघा काकांनाच मारू दे. पहिली ओळ कुडाळच्या त्या बाईंची. त्यांचा पत्ता लागला असेल, तर त्या कशा आहेत ते लिही, बाळाचंही लिही. बातमी कशीही असली तरी काकांसमोर बसून लिही.